शेर नावाची तीन पाखरे

एका राज्यात शब्द पाखरांच्या रूपाने राहत होते. यात नवल करण्यासारखे काही नाही. कुठे शब्द पोथीत राहतात, कुठे नुसते लोकांच्या तोंडात राहतात. तिथे ते राजवाड्यामागच्या पाखरशाळेत राहत. पाणी हे एक पाखरू होते, मीठ हे एक होते, आणि रुसवा हे एक होते, ते सदा भिंतीकडे तोंड करून बसे. पाखराने सकाळी एकदा आपला शब्द उच्चारला की तो दिवसभर राज्यातल्या सगळ्यांच्या जिभेवर खेळे. पाखरू मुके झाले की शब्द गेला, मग कितीही डोके खाजवा.

ही पाखरे सगळी त्याच मातीतली नव्हती. काही व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आली, काही गलबतांच्या डोलकाठीवर बसून आली, काही परदेशच्या सुनांनी माहेराहून आणली. म्हणून प्रत्येक पिंजऱ्याला त्या त्या पाखराच्या मूळ घरट्याची एक काडी बांधलेली असे. कारण दूरदूरच्या देशांतली दोन पाखरे कधी कधी हुबेहूब सारखी निघत. तीच चोच, तोच तुरा, सादसुद्धा तीच. नाते मात्र काडीचेही नाही. कोट नावाची दोन पाखरे होती, एक दगडी तटबंदीचे आणि दुसरे अंगात घालायच्या कपड्याचे. सूप नावाची दोन होती, एक धान्य पाखडायचे आणि दुसरे साता समुद्रांपलीकडचे, वाटीतून प्यायचे. शेर नावाची तर तीन होती: एक बाजारातले धान्याचे माप, एक वाळवंटाकडचा सिंह, आणि एक शायरांच्या मैफिलीतल्या दोन ओळी. कोण कुठले ते काडी पाहिली की कळे.

या पाखरशाळेचा राखणदार होता धाकोजी. सात पिढ्यांचे घराणे, हजार पाखरांचे ज्ञान, आणि बोलणे असे गोड की ऐकणाऱ्याने जेवण विसरावे. पण त्याला एक खोड होती. 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर कोणी ऐकले नव्हते. त्याला एकच लेक, वेल्हाई. बापाची बुद्धी तिने घेतली होती, गोडवा मात्र घ्यायचा राहिला होता. ती तोंडावर बोले, म्हणून दरबारात तिला कोणी बोलावीत नसे.

एके दिवशी भरल्या दरबारात राजा मणिधराने विचारले, "धाकोजी, शेर नावाची तीन पाखरे आहेत. तिघांचे नाव एकच का?"

खरे उत्तर सोपे होते. तीन देश, तीन घरटी, आणि दिसायला सारखी निघाली एवढेच. याहून अधिक ठाऊक नाही. पण एवढ्याशा उत्तराला दरबारात टाळी कोण देणार? धाकोजीने उपरणे सावरले.

"महाराज, ती सख्खी भावंडे. सिंह रोज एक शेर मांस खातो, म्हणून तो शेर. आणि शायराच्या दोन ओळी ऐकून सभा सिंहासारखी डरकाळी फोडते, म्हणून त्याही शेर."

टाळ्यांनी छत दणाणले. राजाने त्याच्या हातात सोन्याचे कडे घातले. दुसऱ्या दिवशी धाकोजीने आपण होऊन सांगितले की कोट म्हणजे गावाने अंगात घातलेला कपडा, म्हणून तटालाही कोट म्हणतात. तिसऱ्या दिवशी सुपाची कथा सांगितली, ती मी सांगत नाही, मलाच लाज वाटते. लोक माना डोलवीत घरी गेले. रचलेली गोष्ट खऱ्यापेक्षा नेहमीच अधिक नेटकी असते.

प्रधान दक्षराज हा टापटिपीचा भोक्ता. तो म्हणाला, "सख्खी भावंडे वेगळ्या पिंजऱ्यांत का? एकाच पिंजऱ्यात ठेवा." सारखी दिसणारी पाखरे एकत्र आली. आता काड्या आड येऊ लागल्या, कारण त्या वेगवेगळ्या झाडांच्या होत्या आणि भावंडांचे घरटे एकच असायला हवे. धाकोजीने त्या सारख्या पाखरांच्या काड्या सोडल्या आणि चुलीत घातल्या.

पाखरशाळेच्या खाली एक विहीर होती आणि तिच्यात जटाई नावाची चेटकीण राहत होती. राज्यातली पहिली काडी तिनेच बांधली होती. धुराचा वास लागताच ती वर आली.

"धाकोजी, काड्या कुठे आहेत?"

"त्यांना वाळवी लागली होती, आई."

"एका खोट्याला दुसरे जोडलेस," जटाई म्हणाली. "तर ऐक. सारखी पाखरे आजपासून मुकी होतील. आणि तू दगड होशील. पहिल्या पुनवेला गुडघ्यापर्यंत, दुसऱ्या पुनवेला छातीपर्यंत, तिसऱ्या पुनवेला माथ्यापर्यंत."

धाकोजीने पाऊल उचलू पाहिले. दोन्ही तळवे फरशीला चिकटले होते आणि फरशीसारखेच गार झाले होते.

वेल्हाई धावत आली. तिने बापाच्या पायांना हात लावून पाहिला आणि ती जटाईकडे वळली. "आई, उःशाप सांग."

"शेर नावाच्या तिन्ही पाखरांची खरी साक्ष आण. कोणते कुठले याची. ती तीन बोलली की बाकीची बोलतील." एवढे बोलून जटाई विहिरीत उतरली.

त्या दिवसापासून राज्याची दैना झाली. बाजारात मापे होती, धान्य होते, पण मापाचे नाव कोणाच्या जिभेवर येईना, आणि ज्याचे नाव घेता येत नाही त्याने मोजून द्यायला वाणी धजेनात. बायका ओंजळी करून दाखवीत, वाणी मोठी ओंजळ की लहान यावरून भांडत. मी इथे ते नाव सहज घेतो आहे, कारण मी त्या राज्याचा रहिवासी नव्हे.

पाखरशाळेच्या भिंतीवर एक भारद्वाज बसे. त्याला सगळे शब्द येत, म्हणून त्याला कुठल्याच पिंजऱ्यात जागा नव्हती. तो आपले लाल डोळे रोखून म्हणाला, "वेल्हाई, येतेस?"

"आलेच," वेल्हाई म्हणाली. तिने भारद्वाजाच्या पंखाखालचा वारा पदराच्या गाठीत बांधला. त्यामुळे तिच्या एका पावलाला एक कोस सरू लागला.

"पोरी, लौकर ये," धाकोजी म्हणाला. "आणि लोकांत काही बोलू नकोस. माझा मान राख."

वेल्हाई पाठ फिरवून चालू लागली. तिला बापाचा राग आला होता, आणि त्या रागाहून भीती मोठी होती.

पहिला मुक्काम वाळवंटाच्या कडेला पडला. तिथे एका काटेरी झाडावर पहिल्या पाखराचे घरटे होते आणि झाडाखाली सिंह बसला होता. तो म्हातारा होता, पण सिंहच होता.

"काडी हवी असेल तर प्रश्नाचे उत्तर दे," सिंह म्हणाला. "तुझ्या राज्यात माझ्या नावाविषयी काय सांगतात?"

वेल्हाईला ते नाव उच्चारता येत नव्हते. तिने दोन्ही हात मापाएवढे अंतर ठेवून समोर धरले. "आपण रोज एवढे मांस खाता, म्हणून आपले नाव असे पडले, असे सांगतात."

सिंहाने त्या हातांकडे बराच वेळ पाहिले. "एवढे? एवढे तर माझ्या दाढेत अडकून राहते. हे कोणी सांगितले?"

"माझ्या आबांनी."

"त्यांनी मला पाहिले आहे?"

"नाही."

"माझ्या देशात कधी आले होते?"

"नाही."

"मग त्यांना कसे ठाऊक?"

वेल्हाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. बापाने तिला खांद्यावर बसवून एकेका पाखराचे नाव शिकवले होते. त्या बापाविषयी असे बोलायचे म्हणजे स्वतःच्याच जिभेला चटका देणे होते. "त्यांना ठाऊक नव्हते," ती म्हणाली. "त्यांनी रचून सांगितले."

सिंह उठून बाजूला झाला. "ने काडी. खरे पुष्कळ लोक बोलतात, आणि दुसऱ्याची चूक सांगताना तर फार आनंदाने बोलतात. तू रडत बोललीस."

पहिली पुनव आली आणि गेली. धाकोजी गुडघ्यापर्यंत दगड झाला.

दुसरा मुक्काम शायरांच्या नगरीत होता. तिथे वेशीवर रखवालदार नसतो. एक रुमाल अंथरलेला असतो, त्यावर बसून येणाऱ्याने मैफिल पूर्ण ऐकायची, हाच तिथला जकात नाका. मैफिलीच्या गादीवर एक आंधळी शायरा बसली होती. तिच्या डोक्यावरच्या कोनाड्यात दुसऱ्या पाखराचे घरटे होते.

"पूर्ण ऐक," शायरा म्हणाली. "शेवटी काय ते माग."

तिने दोन ओळी म्हटल्या. सभा "वाहवा" म्हणाली, वेल्हाईही म्हणाली, कारण ओळी खरेच सुंदर होत्या. दुसऱ्या दोन ओळींना तिच्या अंगावर काटा आला. तिसऱ्या दोन ओळी आल्या तेव्हा सभेने असा काही जयघोष केला की दिव्यांच्या ज्योती थरथरल्या. वेल्हाई मात्र गप्प बसली.

"पाहुणी गप्प का?" शायरेने विचारले.

"मला समजले नाही. पुन्हा म्हणता का?"

सभेत कुजबुज झाली. कोणी हसले, कोणी तिच्या लुगड्याकडे पाहिले. शायरेने त्या ओळी पुन्हा म्हटल्या. वेल्हाईने पुन्हा मान हलवली. "अजूनही नाही समजले."

"मलाही समजलेले नाही," शायरा म्हणाली. "या माझ्या गुरूंच्या ओळी. चाळीस वर्षे म्हणते आहे, चाळीस वर्षे लोक माना डोलवताहेत. मला वाटे, सगळ्यांना कळते, मीच एक मंद. मुली, आज माझ्या छातीवरचे ओझे उतरले. हात वर कर, काडी तुझ्या हाताला लागेल."

दुसरी पुनव झाली. धाकोजी छातीपर्यंत दगड झाला.

तिसरे पाखरू होते बाजारातल्या मापाचे. ते घरचे, म्हणून वेल्हाईने ते शेवटी ठेवले होते. घरच्याला कितीसा वेळ लागणार, असा तिचा हिशेब होता. आपण सगळेच असे चुकतो.

ती बाजारात उतरली. हाताने माप दाखवून तिने वाण्याला विचारले, "काका, याचे नाव कुठून आले?" वाणी म्हणाला, माझ्या खापरपणजोबांनी ठेवले. शेजारचा वाणी म्हणाला, छट्, ते तर माझ्या खापरपणजोबांनी. कुंभाराने सांगितले की नाव चाकातून निघाले. भटजींनी आकाशाकडे बोट दाखवले. प्रत्येकाजवळ उत्तर होते, प्रत्येकाचे वेगळे, आणि प्रत्येकजण शपथेवर सांगत होता. भारद्वाज राज्यावरून तीन वेळा फिरून आला. त्याने वड पाहिले, चिंचा पाहिल्या, नदीकाठचे करंज पाहिले. घरटे कुठेच नव्हते.

"पडले असेल," भारद्वाज म्हणाला. "झाडही पडले असेल. पाखरू फार जुने आहे."

पुनवेला तीन दिवस उरले, मग दोन, मग एकही नाही. त्या सकाळी प्रधान दक्षराज वेल्हाईकडे आला. त्याच्या हातात एक काडी होती, राजवाड्याच्या केरसुणीतून उपसलेली.

"ही बांध," तो हळूच म्हणाला. "काडीसारखी काडी. कोण तपासणार आहे? तुझा बाप वाचेल, बाजार सुरू होईल, माझीही झोप परत येईल."

वेल्हाईने काडी हातात घेतली. खोटे कशाला सांगू, तिने ती बराच वेळ हातात धरली. राजाने फरशीसकट उचलून आणवलेला बाप दरबाराच्या चौकात उभा होता आणि दगड त्याच्या गळ्याच्या खळीपर्यंत पोचला होता. ती काडी बांधली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. पण याच वाटेने आबा गेले होते, एक टाळी, मग दुसरी टाळी. तिने काडी प्रधानाच्या हातात परत दिली.

"केरसुणीला लागेल," ती म्हणाली.

दरबार भरला. पिंजरा मधोमध ठेवला. तीन सारखी पाखरे दांडीवर गप्प बसली होती. वेल्हाईने काटेरी झाडाची काडी दांडीशी धरली, आपले घरटे ओळखून एक पाखरू पुढे सरकले आणि तिने ती त्याच्यापुढे बांधली. पाखराने पिसे फुलवली आणि म्हटले, "शेर!" त्याबरोबर वाळवंटाकडच्या वाटेने येणाऱ्या प्रवाशांना आपण कशाला भ्यायलो होतो ते आठवले. तसेच पुढे सरकलेल्या दुसऱ्या पाखरापुढे तिने कोनाड्यातली काडी बांधली. तेही बोलले, आणि दरबारातल्या कवीला तीन महिने अडलेली ओळ सुचली.

तिसऱ्या पाखरापुढे वेल्हाईने नुसता दोरा बांधला. काडी नव्हतीच.

"हे काय?" राजाने विचारले.

"महाराज, याचे घरटे कुठे आहे ते मला ठाऊक नाही. शोधले, विचारले, सापडले नाही. म्हणून दोरा मोकळा ठेवला. हीच खरी साक्ष."

पाखराने मान वाकडी करून दोऱ्याकडे पाहिले. ते बोलले नाही. दगड धाकोजीच्या हनुवटीला लागला.

विहिरीकडून जटाईचा आवाज आला. "तिने साक्ष दिली. पण खोटे तिने सांगितले नव्हते."

सगळे धाकोजीकडे पाहू लागले. धाकोजी दरबाराकडे पाहत होता. हेच खांब, हेच लोक, इथेच त्या टाळ्या. त्याचे ओठ हलले आणि त्याची जुनी जीभ जुन्याच वळणावर गेली. "महाराज, माझ्या मते या पाखराचे घरटे पूर्वी एका सोनेरी—"

दगड ओठाला भिडला.

"आबा!" वेल्हाई ओरडली. ती धावली आणि तिने त्याचा दगडी दंड दोन्ही हातांनी धरला. "आबा, पुरे झाले. मला तुमचे ज्ञान नको, मला तुम्ही हवे आहात. सगळे हसले तर हसोत. मी नाही हसणार."

धाकोजीने लेकीकडे पाहिले. तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या, लुगडे काट्यांनी फाटले होते. तीन महिने ती त्याचे खोटे आपल्या खांद्यावर घेऊन देशोदेशी फिरली होती. एका कोपऱ्यात ओठ अजून मोकळा होता. त्यातून तो बोलला.

"महाराज, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हते. मी रचून सांगितले आणि काड्या जाळल्या."

कोणी हसले नाही. तडकल्याचा आवाज झाला. हनुवटीपासून दगडाच्या कपच्या सुटल्या आणि फरशीवर पडल्या. छाती मोकळी झाली, मग गुडघे, मग तळवे. धाकोजी कोसळला तो लेकीच्या अंगावरच. पिंजऱ्यातले तिसरे पाखरू दांडीवरून उडाले, मोकळ्या दोऱ्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "शेर."

बाजारातून आरोळी उठली. शेरभर तांदूळ, शेरभर डाळ, शेरभर ज्वारी, जो तो ते नाव तोंडात घोळवून बोलत होता. पाठोपाठ कोट बोलले, दोन्ही. सूप बोलले, दोन्ही. राजा मणिधर सिंहासनावरून उतरला.

"चूक माझीही आहे," तो म्हणाला. "खऱ्या उत्तराला मी कधी टाळी दिली नाही." त्याने आज्ञा केली: सारखी पाखरे पुन्हा वेगळ्या पिंजऱ्यांत जावीत, ज्याचे घरटे ठाऊक आहे त्याला काडी, ज्याचे ठाऊक नाही त्याला मोकळा दोरा, आणि पाखरशाळा वेल्हाईच्या हाती असावी. प्रधानाने ताबडतोब दोरे मोजायला माणसे लावली. त्याला काहीतरी नीट लावायला मिळाले म्हणजे झाले.

काही दिवसांनी धाकोजी पाखरशाळेच्या दारात उन्हाला बसला होता. पाय अजून जड होते. गलबतावरून उतरलेली एक परदेशी बाई तिथे आली. तिच्या टोपलीत एक पाखरू होते, दिसायला थेट इथल्या माया नावाच्या पाखरासारखे.

"आमच्या देशात याचा अर्थ निराळाच आहे," बाई म्हणाली. "हे दोन्ही एकमेकांचे कोण?"

आत वेल्हाई दाणे निवडत होती. तिचे हात थांबले. धाकोजीने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"ठाऊक नाही, बाई," तो म्हणाला. मग सरकून त्याने आपल्या शेजारी जागा केली. "बसा. तुमच्याकडे याला कशाच्या वेळी हाक मारतात, ते मला सांगा."

बाई बसली आणि सांगू लागली. धाकोजी ऐकत राहिला. आत दाण्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. असे ते राज्य नांदू लागले. सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचेही घर तसेच नांदो.